सह्याद्री व्याघ्र प्रकल्प

महाराष्ट्रातील पश्चिम घाटाच्या माथ्यावरील संरक्षित वनक्षेत्र. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान जोडून 2010 मध्ये स्थापन. क्षेत्रफळ सुमारे 1,165 चौ.किमी.; विस्तार सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांत. चांदोलीस 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत कोयना व चांदोली यांचा समावेश झाला.

सदाहरित व निमसदाहरित जंगल आणि जांभ्या खडकाचे उघडे सडे येथे शेजारी-शेजारी आढळतात. गवा, सांबर, बिबट्या, कोळसून, अस्वल व शेकरू हे प्रमुख प्राणी. वाघ मात्र दीर्घकाळ विरळाच राहिला. व्याघ्र प्रकल्प हे नाव प्रत्यक्षापेक्षा अपेक्षेवरच अधिक उभे होते.

या जंगलाचा इतिहास कोयना धरणापासून वेगळा काढता येत नाही. कोयनेचे पाणी डोंगरातील बोगद्यांतून पश्चिमेकडे उतरवून चिपळूण तालुक्यातील, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याच्या पोफळी येथील भूमिगत वीजगृहात वीज तयार होते. पुढे हे पाणी वाशिष्ठी नदीला मिळते. 1960च्या दशकात या धरणाच्या शिवसागर जलाशयासाठी अनेक गावे उठली. काही कुटुंबे वरच्या डोंगरात सरकली, तेथे पुढे अभयारण्य आले आणि पुनर्वसनाचा प्रश्न दुसऱ्यांदा उभा राहिला. गवळी-धनगरांच्या चराईवरही निर्बंध आले. चांदोलीतील गावे बाहेर हलविण्यात आली. पर्यायी जमीन व नागरी सुविधांसाठी विस्थापितांना वारंवार आंदोलने करावी लागली. सीमेलगतच्या गावांत गवे व रानडुकरे पिकांचे नुकसान करतात; त्यासाठी वनविभागाकडून भरपाई मिळते.