वराहलांछन आणि वराहपाक

लोणारचें दैत्यसूदनाचें मंदिर पाहिलें म्हणजे आम्हां बुलढाणेकरांस चालुक्यकालीन वैभवाचा अभिमान वाटतो. परंतु त्या राजांच्या पाकशाळेंत डोकावण्यास आम्ही सहसा धजत नाहीं.

कल्याणीच्या चालुक्यवंशांतील तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत तो १९२५ पासून छापून निघाला. त्याच्या अन्नभोगाच्या अध्यायांत वराहमांसाचा पाक आहे, तो असा : प्राण्यावर पांढरें वस्त्र घालून कढत पाणी ओतावें, म्हणजे केस निघतात, अथवा अंगास माती लिंपून गवताच्या जाळावर तें काम साधावें. मग मांस भाजून, तुकडे करून आंबट रसांत शिजवावें. किंवा ताडपत्रासारखे पातळ काप करून ते मसाल्याच्या दह्यांत घालावे. विस्तव, आंबट आणि मसाला एवढ्यावरच ही कृति उभी आहे. भाजण्यापुढचें सारें घरच्या चुलीसही साधेल.

आणि याच राजकुळाचें लांछन वराह होतें! पूजा आणि पाक एकाच घराण्यांत सुखानें नांदलीं. ग्रंथ परका म्हणूनही टाळतां येत नाहीं; कांडतांना महाराष्ट्रांतील स्त्रिया ओवी गातात, ही नोंद यांतच आहे. ओवीचा पुरावा मस्तकीं धरावयाचा आणि पाकाचें पान चिकटवून टाकावयाचें, हा इतिहासाभ्यास नव्हे. आपण काय खावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. पूर्वजांनीं काय खाल्लें हें मात्र आपणांस ठरवितां येत नाहीं.