पायीं पाहिलेलें बँकॉक

परदेशच्या प्रवासाला एके काळीं राजेरजवाडे, मोठे व्यापारी, नाहीं तर विलायतेस शिकावयास जाणारे विद्यार्थी एवढेच निघत. आतां तसें राहिलेलें नाहीं. पाठीवर सॅक अडकवावी, चार मित्र जमवावे आणि बँकॉक गांठावें, ही गोष्ट आपल्या पुण्या-मुंबईच्या तरुण मंडळींना सुटींतली सहल वाटूं लागली आहे. त्यांत वाईट कांहींच नाहीं. मोटारींत बसून कांचेंतून नगर पाहणारापेक्षां पायीं हिंडणारा पुष्कळ अधिक पाहतो. मात्र ज्या रस्त्यावर आपण पाय ठेवतों त्या रस्त्याखालीं काय दडलें आहे, याची त्याला थोडी जाणीव असली पाहिजे. आम्ही तिघे जुने सहाध्यायी साठी उलटल्यावर तरुणांसारख्याच सॅका घेऊन हें नगर पायीं हिंडलों. त्या फिरण्याच्या ओघानें बँकॉकचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

अशा प्रवाशांचा तळ बहुधा खाओ सान नांवाच्या रस्त्यावर पडतो. रस्ता जेमतेम चारशें मीटरांचा. रात्र चढूं लागली कीं दिवे, गाणीं आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या यांनीं गजबजून जातो. १९८० नंतरच्या दशकांत येथें स्वस्त खोल्या निघाल्या. पुढें १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'द बीच' या इंग्रजी कादंबरीचा आरंभच येथें असल्यामुळें त्याचा लौकिक जगभर झाला. परंतु 'खाओ सान' या शब्दांचा अर्थ आहे सडीक तांदूळ! १८९२ मध्यें हा रस्ता बांधला तो तांदुळाच्या व्यापारासाठीं. जवळच्या बांगलाम्फू कालव्यांतून होड्या भरभरून तांदूळ येथें उतरत असे. हा तांदूळ एवढा महत्त्वाचा कां झाला, हें समजण्यासाठीं मागें जावयास हवें.

चारशें वर्षें सयामची राजधानी असलेली अयुथया नगरी १७६७ मध्यें ब्रह्मी सैन्यानें जाळून उद्ध्वस्त केली. हें नांव म्हणजे आपली अयोध्याच. त्यानंतर ताक्सिन या सेनानीनें चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावर थोनबुरी येथें गादी स्थापिली. १७८२ मध्यें त्यास पदच्युत करून ठार मारण्यांत आलें आणि त्याचाच सेनापति चक्री हा पहिला राम म्हणून राज्यावर बसला. आज थायलंडांत राज्य करणारें घराणें तें हेंच. त्यानें राजधानी पूर्व तीरावर नेली. नव्या नगराला दिलेलें लांबलचक नांव ऐकतांना आपण एखादें संस्कृत स्तोत्र ऐकत आहों असा भास होतो. महानगर, अमर, रत्न, महेन्द्र, अयोध्या, राजधानी, विमान, अवतार, विश्वकर्मा हे सारे शब्द थाई उच्चारांत त्यांत गुंफलेले आहेत. परदेशीयांनीं मात्र जुन्या खेड्याचें बँकॉक हेंच नांव चालू ठेविलें. 'बांग' म्हणजे पाण्याकांठचें गांव आणि 'मकोक' म्हणजे अंबाडा, अशी त्याची एक व्युत्पत्ति सांगतात.

खाओ सानपासून थोडें चाललें कीं नदीकांठीं एक पांढरा अष्टकोनी बुरूज लागतो. त्याचें नांव फ्रा सुमेन, म्हणजे आपला सुमेरु. तटाचे असे चौदा बुरूज होते. त्यांपैकीं दोनच आज उभे आहेत. शत्रु पुन्हां आला तर नगर बेटासारखें पाण्यानें वेढलेलें असावें, म्हणून १७८३ मध्यें येथून नवा कालवा खोदण्यांत आला. तो खोदण्यास दहा हजार ख्मेर माणसें लाविलीं होतीं व तटाच्या कामावर पांच हजार लाओ होते, असें सयामच्या बखरी सांगतात. यांतील पुष्कळजण स्वाऱ्यांत धरून आणलेले. तटासाठीं विटाही अयुथयेच्या पडक्या भिंतींच्या काढून होड्यांतून आणिल्या. एका नगराच्या राखेंतून दुसरें नगर उभें राहिलें हें खरें. पण तें उभें करणारे हात परक्यांचे होते.

तेथून दक्षिणेस राजवाडा आणि त्याच्याच आवारांतलें वाट फ्रा केओ हें मंदिर. ओवरीच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांतून रंगविलेलें आहे. दहा तोंडांचा रावण आणि पांढरा शुभ्र हनुमान पाहून मराठी माणसास आपल्याच गांवांत आल्यासारखें वाटतें. गाभाऱ्यांत बुद्धाची सुप्रसिद्ध मूर्ति आहे. तिला पाचूचा बुद्ध म्हणतात, परंतु ती हिरव्या दगडाची असून उंचीला ६६ सेंटिमीटर आहे. उन्हाळा, पावसाळा व हिवाळा या तीन ऋतूंप्रमाणें तिचीं वस्त्रें बदलण्यांत येतात. ही मूर्ति १५६४ पासून लाओ लोकांच्या व्हिएनत्यान नगरांत होती. १७७९ मध्यें याच चक्रीनें तें नगर जिंकून ती आणिली. ज्या मंदिरांत ती असे तें व्हिएनत्यान येथें पुढें पुन्हां बांधण्यांत आलें, पण त्याचें आतां संग्रहालय झालें आहे. आमच्यांतील एका स्नेह्यानें तेथेंच हळूच विचारलें, "मग ही मूर्ति कोणाची म्हणावयाची?" भाविकांच्या त्या गर्दींत उत्तर देण्याचें धाडस आम्हां कोणासच झालें नाहीं.

पूर्वेकडे वळलें कीं एका चौकांत लाल रंगाचे प्रचंड सागवानी खांब दिसतात. हा महान् झोपाळा. त्याची उंची सुमारें तीस मीटर. पौष महिन्याच्या सुमारास शिव पृथ्वीवर उतरतो या श्रद्धेनें तरुण मंडळी त्यावर उंच झोंके घेत आणि वेळूला टांगलेली पैशांची थैली दांतांनीं पकडीत. या उत्सवाचें थाई नांव तमिळ भाषेंतील 'तिरुवेंपावै' पासून आलें आहे. अपघात होऊं लागले, म्हणून १९३५ मध्यें झोंके थांबले. शेजारच्या देवस्थान नांवाच्या मंदिरांत शिव, गणपति व विष्णु यांची पूजा दरबारी ब्राह्मण आजही करितात. २०१९ च्या राज्याभिषेकांतही त्यांना मान होता. या भूमींत आपल्या देशांतून धर्म, भाषा व कथा पोहोंचल्या त्या लष्कराबरोबर नव्हे, तर व्यापारी, भिक्षु व पुरोहित यांच्या पायांनीं, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आणखी दक्षिणेस साम्पेंगची चिनी पेठ. राजवाड्याच्या जागेवर पूर्वी चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती; राजानें ती उठवून तटाबाहेर येथें बसविली. त्या पेठेंतून पुढें जाणारा चारोन क्रुंग हा रस्ता नव्या युगाचा. नगरांत तोंवर कालवे हेच रस्ते होते. युरोपीय रहिवाशांनीं घोड्यावर रपेट करावयास वाट नाहीं अशी तक्रार केली, तेव्हां चौथा राम, म्हणजे राजा मोंगकुट, यानें तो १८६४ पर्यंत पुरा केला. त्याआधीं १८५५ मध्यें इंग्रजांच्या वतीनें सर जॉन बाउरिंग यानें तह करविला होता. आयात मालावर शेंकडा तीनच जकात, इंग्रज प्रजेवर सयामी न्यायालयाची सत्ता नाहीं आणि परदेशीं तांदूळ नेण्यास मोकळीक, अशीं त्याचीं मुख्य कलमें. तांदुळाचा तो महापूर येथून सुरू झाला आणि खाओ सानची पेठ त्याच पुरांत वसली.

मोंगकुटाचा पुत्र चुलालोंगकोर्न हा १८६८ मध्यें गादीवर आला. अठराव्या वर्षीं त्यानें हिंदुस्थानचा दौरा केला आणि १८७२ च्या आरंभीं आपली मुंबईही पाहिली. पारतंत्र्यांतील देशाचा कारभार कसा चालतो, हें त्यानें जवळून पाहिलें. परत जाऊन त्यानें नव्या पद्धतीचीं खातीं, शाळा व आगगाड्या सुरू केल्या आणि गुलामगिरी पायरी-पायरीनें बंद करीत १९०५ मध्यें ती पुरती मोडली. तरीही खाओ सानचा रस्ता झाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १३ जुलै १८९३ रोजीं, फ्रेंच युद्धनौका नदीमुखावरील तोफांना न जुमानतां वर चढल्या व बँकॉकपुढें येऊन उभ्या राहिल्या. मेकाँग नदीचा डावा तीर सयामनें सोडला. १९०७ मध्यें अंगकोरच्या देवळांसह सीएम रीप व बत्तंबांग हे प्रांत फ्रेंचांस दिले; १९०९ मध्यें चार मलाया संस्थानांवरील हक्क इंग्रजांस दिले. आग्नेय आशियांत युरोपीयांची वसाहत न झालेला असा हा एकच देश. पण जे मुलूख देऊन हें स्वातंत्र्य राखिलें, तेथील लाओ, ख्मेर व मलायी प्रजेस कोणीं विचारलें? सयामनें ते जिंकले तेव्हांही नाहीं आणि देऊन टाकिले तेव्हांही नाहीं.

राजानें चूक केली असें मला म्हणावयाचें नाहीं. दोन बलाढ्य सत्तांच्या कात्रींत सांपडलेल्या राज्यकर्त्यास याहून शहाणी राजनीति सुचली असती, असें म्हणणें घरीं बसून सोपें आहे. परंतु नगर वांचतें तेव्हां त्याची किंमत बहुधा वेशीबाहेरचे देतात, हें बँकॉकच्या इतिहासांत वारंवार दिसतें. विसाव्या शतकांत मोटारींसाठीं एकामागून एक कालवे बुजविण्यांत आले. जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंच. तिच्या पोटांतलें पाणी उपसल्यानें ती खचतही गेली. २०११ चा महापूर आला तेव्हां देशांत आठशेंहून अधिक माणसें दगावलीं. नगराचा मध्यभाग वाळूच्या पोत्यांचे बांध घालून कोरडा राखिला आणि त्या बांधांपलीकडचीं उपनगरें आठवडेच्या आठवडे पाण्यांत राहिलीं. कांहीं ठिकाणीं संतापलेल्या रहिवाशांनीं ते बांध फोडले.

आतां कांहीं ठिकाणीं पाण्याचा मान परत येत आहे. पहिल्या रामाच्या त्या कालव्याचा ओंग आंग नांवाचा भाग दुकानांनीं झांकून गेला होता. तो मोकळा करून २०२० मध्यें पायीं चालणारांसाठीं त्याचे कांठ नीट केले. सेन सेप कालव्यांतून प्रवासी होड्या अजून धांवतात.

म्हणून आपल्या मुलांना, नातवंडांना मी एवढेंच सुचवीन. जरूर जा, मित्रांसह जा, सॅक हलकी ठेवा आणि पायीं हिंडा. मंदिराचें सोनें पाहून झाल्यावर कालव्याच्या कांठीं घटकाभर बसा आणि तो कोणीं खोदला असेल, याचा विचार करा. परत आल्यावर आपल्या गांवच्या बुजलेल्या ओढ्याकडे आणि पडक्या वेशीकडे पाहून हाच प्रश्न तुमच्या मनांत आला, तर तुमचा प्रवास सत्कारणीं लागला असें मी समजेन.