सोडतीने निवडलेले १६० जण

मागच्या वेळी आपण अथेन्सच्या सोडतीपर्यंत आलो होतो. आज थेट कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जाऊ. तिथे १९९६ला गंमत झाली. गंमत आपल्याला, हरलेल्यांना नव्हे! मतं जास्त लिबरल पक्षाला, सरकार मात्र एनडीपीचं. २००१मध्ये दुसरं टोक: लिबरलांना ७९पैकी ७७ जागा. आता नियम बदलायचे कोणी? त्याच नियमांनी निवडून आलेल्यांनी? म्हणून २००४ साली सोडत काढून नागरिकसभा बसवली. प्रत्येक मतदारसंघातून एक बाई, एक पुरुष, शिवाय आदिवासी समाजांतले दोघे; एकूण १६०.

ही साधी माणसं सुट्टीच्या दिवशी जमून निवडणूकपद्धती शिकली, ठिकठिकाणी जाहीर सुनावण्या घेतल्या, आणि पसंतिक्रमाची मतदानपद्धत जनतेपुढे ठेवायचं १४६ विरुद्ध ७ मतांनी ठरवलं. आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार पसंतिक्रम लिहितात ना, त्याच जातीची ही पद्धत.

मे २००५च्या सार्वमतात ५७.७ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. ७७ मतदारसंघांत बहुमत मिळालं. तरी प्रस्ताव पडला, कारण सरकारने आधीच ६० टक्क्यांची अट घातली होती. आणि बघा हं, त्या लिबरल पक्षाला २००१मध्ये ७७ जागा मिळाल्या त्या किती मतांवर? ५७.६ टक्के!

२००९मध्ये पुन्हा सार्वमत झालं. सभा केव्हाच विसर्जित झाली होती. या वेळी ‘हो’ म्हणणारे ३९ टक्केच उरले.