व्हिसावाल्याचं मत

शिकागोत सात वर्षं कर भरतोय, पण नागरिक नाही म्हणून मत देता येत नाही. अपवाद एकच: मुलीच्या सरकारी शाळेची स्थानिक परिषद. मूल त्या शाळेत असलं की झालं, पासपोर्टचा रंग कुणी विचारत नाही!

हे फुकट मिळालेलं नाही बरं का. १९८७ साली इथे शिक्षकांचा संप १९ शाळेचे दिवस चालला. आईबाप खवळले, रस्त्यावर उतरले. महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी त्यांना चर्चेला बसवलं आणि त्याच नोव्हेंबरात ते वारले. पालकांनी मात्र रेटा सोडला नाही. १९८८ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला, १९८९ च्या ऑक्टोबरात पहिल्या निवडणुका झाल्या. तेव्हा परिषदेत ६ पालक, २ रहिवासी, २ शिक्षक आणि मुख्याध्यापक असत. मुख्याध्यापकाशी चार वर्षांचा करार करायचा की नाही, हे परिषद ठरवणार! आपल्याकडे २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आले खरे, पण हेडमास्तर नेमायचा अधिकार? नावच काढू नका.

पुढे १९९५ मध्ये शिक्षण मंडळ महापौरांच्या मुठीत गेलं. परिषदा तगल्या, उत्साह ओसरला. आमच्या शाळेत यंदा पालकांच्या ६ जागांना पाचच उमेदवार. बायको म्हणते, तूच उभा राहा. फॉर्म फ्रिजवर लावून ठेवलाय.