कोलाडची नदी येते कुठून?

ऑफिसच्या ट्रिपला कोलाडला राफ्टिंगला गेलो होतो. मे महिना. वाटेतला प्रत्येक ओढा कोरडाठाक आणि इथे कुंडलिका मात्र मस्त भरून वाहतेय. गाईडला विचारलं तर म्हणाला, "सर, सकाळी वीजवाले पाणी सोडतात." हे काही झेपेना. घरी येऊन नकाशे काढून बसलो आणि रविवार त्यातच गेला.

तर उत्तर असं, की हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. ते मुळेचं आहे. तीच मुळा, जी आमच्या हिंजवडीजवळून मुकाट वाहते!

जरा भूगोल. (शाळेत ऑप्शनला टाकला असेल तरी वाचा.) ज्या प्रदेशातलं पावसाचं पाणी उतरत एका नदीला मिळतं, ते तिचं पाणलोट क्षेत्र. साध्या बोलीत खोरं. दोन खोऱ्यांमधली उंच धार म्हणजे जलविभाजक. सह्याद्रीचा माथा हा असाच. धारेच्या पश्चिमेला पडलेला थेंब अरबी समुद्रात जातो. चार पावलं पूर्वेला पडला, तर मुळा, भीमा, कृष्णा करत अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात.

हे आपल्या लोकांना डेफिनिशनशिवाय कळत होतं. शिवकाळातली मावळं बघा: पवन मावळ पवनेचं, आंदर मावळ आंध्रेचं, गुंजण मावळ गुंजवणीचं, मुठे खोरं मुठेचं. नदीचं खोरं हाच कारभाराचा भाग, त्याला त्याचा देशमुख.

ही धार पाण्याला ओलांडायला लावली टाटांच्या वीज कंपन्यांनी. घाटमाथ्यावर धरण बांधायचं, पूर्वेला निघालेलं पाणी अडवायचं, सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. १९१५ साली खोपोली, १९२२ साली भिवपुरी, १९२७ साली भिरा. इंजिनिअर म्हणून मला हे भन्नाट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पण भिऱ्यासाठी धरण झालं मुळशीला, आणि तिथे भातशेती होती, माणसं होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. हे बापट एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आलेले! 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली.

सत्याग्रह हरला, आणि नुसता इंग्रजांमुळे नाही. सरकारने भूसंपादन कायदा लावला हे खरंच. पण बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या, त्यांना भरपाई चांगली मिळाली की पुरे होतं. कसणाऱ्याला जमीन हवी होती. एकाच लढ्यात दोन मागण्या! चळवळ फुटत गेली. शेवटी बापटांनी मजुरांची गाडी अडवली आणि मोठी शिक्षा भोगली. १९२४ पर्यंत सगळं थंडावलं. धरण झालं.

पाणी आजही पश्चिमेलाच उतरतं. त्याच भीमेच्या काठी, खाली सोलापूरकडे, उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

असो. पुढच्या मेमध्ये टीमने परत कोलाड ठरवलंय. मी येतो म्हटलंय. फक्त बोटीत हे सगळं पुन्हा सांगायचं नाही, अशी अट टीम लीडने घातलीय.