मत्स्यविनोद

मैलापुरास कपालीश्वराच्या पुष्करिणीवर सायंकाळी गेले असता एक दृश्य हमखास दिसते. पायऱ्यांवर बसलेली मुले मूठमूठ चुरमुरे पाण्यात टाकतात आणि क्षणार्धात तेथील पाणी माशांच्या तोंडांनी उकळू लागते. येथे चुरमुऱ्यांना ‘पोरि’ म्हणतात. मराठी कान प्रथम दचकतो, मग सरावतो. देवाच्या या तळ्यात गळ टाकण्याचे कोणाच्या मनात येत नाही. परंतु माशाला काय रुचते हे ज्ञान तळ्याबाहेर नेले की त्याचेच आमिष होते. आणि आमिषाचा विषय निघाला की आम्हांस कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर आठवतो.

विक्रमांकाचा हा पुत्र इ. स. ११२६ च्या सुमारास गादीवर आला. त्याच्या ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणी’ या ग्रंथात शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, या वर्षाचा उल्लेख आहे. शंभर अध्यायांच्या या संस्कृत ग्रंथाशी आपली ओळख बहुधा दोनच कारणांनी असते: त्यात मराठी गीतांच्या काही ओळी सापडतात, आणि महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असे त्यात नमूद आहे. एवढे घेऊन आम्ही ग्रंथ मिटतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो १९२५, १९३९ आणि १९६१ अशा तीन खंडांत संपादून दिला. पण त्यातील ‘मत्स्यविनोद’ बारकाईने वाचला तो सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने, आणि त्यावरील लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९५१ साली आला. आपल्या साहित्याच्या इतिहासकारांना मासळीचा वास सोसत नसावा!

या अध्यायात सुमारे पस्तीस मत्स्यजाती सांगितल्या आहेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, कातडीचे कोणते, अशी वर्गवारी आहे. आणि त्याहून मोलाचे म्हणजे कोणाला काय चारावे याचा विचार आहे. काहींना पिठाचे गोळे, काहींना मांस. ‘आमिष’ शब्दाचा मूळ अर्थ मांस. तेव्हा पिठाच्या गोळीला काय म्हणावे? निरामिष आमिषच म्हणावे लागेल.

आयझॅक वॉल्टनचा इंग्रजी ग्रंथ १६५३ चा. त्यात ब्रीम नावाच्या माशावर स्वतंत्र प्रकरण आहे. हा चपटा, उंच पाठीचा मासा आपल्या रोहूच्याच गोतावळ्यातला. त्यासाठी वॉल्टन पाव आणि मध मळून गोळी करावयास सांगतो, गांडूळही सुचवतो. आणि गळ टाकण्यापूर्वी शिजवलेले जवाचे माल्ट पाण्यात पेरून माशांना त्या जागेची सवय लावावी म्हणतो. सोमेश्वर त्याच्याआधी पाच शतके होऊन गेला. कोणी कोणाचे पाहिले नाही. माशाच्या भुकेनेच दोघांना एका वाटेवर आणले.

मद्रासच्या सनदी नोकरीतील हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले. परमुलखात बदली झालेला अधिकारी फावल्या वेळात एवढे करू शकतो, हे आम्हा बदलीवाल्यांस थोडे लागते.

तथापि एक प्रश्न उरतो. राजाला हे सारे कळले कोठून? कल्याणी आजच्या बिदर जिल्ह्यात. तेथून समुद्र दूर. खाऱ्या पाण्यातल्या माशांची नावे त्याच्या दरबारात कोणा ना कोणा कोळ्याच्या तोंडूनच आली असली पाहिजेत, असे आम्हांस वाटते. ग्रंथावर नाव मात्र एकट्या राजाचे आहे.

मैलापूरच्या किनाऱ्यावर, नोचिकुप्पमास, आमची सुरमई ‘वंजिरम’ होते आणि पापलेट ‘वव्वाल’. तेवढे शब्द आम्ही शिकलो, कारण भाव करताना ते लागतात. कोणता मासा कशाला भुलतो, हे तेथील कोळ्यांना आम्ही अद्याप विचारलेले नाही.