दिव्याच्या तारेनें सांवरलेला स्वर

गवयाचा स्वर पारखावयाचा तर तंबोरा आधीं नीट जुळलेला असावा लागतो. हाच न्याय विजेच्या यंत्रांनाहि लागू आहे. रेडिओ किंवा ध्वनिवर्धक निर्दोष आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, तर त्यांत प्रथम एक शुद्ध, ठराविक कंपनसंख्येची विद्युल्लहर सोडावी लागते. बाहेर पडतांना ती किती बदलली, यावरून यंत्राचा दोष कळतो. अशी लहर निर्माण करणाऱ्या उपकरणास ऑसिलेटर म्हणतात.

१९३८ च्या सुमारास अमेरिकेंत चांगल्या ऑसिलेटरास शेंकडों डॉलर पडत. रोध व कंडेन्सर यांच्या साध्या जोडणीनेंहि अशी लहर काढतां येते. तीस उपयोगी पडणारी सेतुरचना जर्मन शास्त्रज्ञ माक्स वीन यानें १८९१ सालींच मांडली होती. परंतु त्यांत एक मोठी अडचण होती. व्हॉल्व्हचें वर्धन तिळभर कमी पडलें कीं लहर विझे, आणि तिळभर अधिक झालें कीं ती फुगून विकृत होई.

स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या विल्यम ह्यूलेट या तरुणानें ही अडचण १९३९ च्या आपल्या प्रबंधांत सोडविली, आणि तीहि एका लहानशा विजेच्या दिव्यानें. दिव्याची तार तापली कीं तिचा रोध वाढतो. वर्धनास लगाम घालणाऱ्या मार्गांत ह्यूलेटनें हा दिवा बसविला. लहर मोठी झाली कीं तार तापे, रोध वाढे व वर्धन आपोआप घटे. लहर क्षीण झाली कीं तार निवे व वर्धन पुन्हां वाढे.

ह्यूलेट व त्याचा मित्र डेव्हिड पॅकार्ड यांनीं १ जानेवारी १९३९ रोजीं भागीदारी केली. भांडवल ५३८ डॉलर, आणि कारखाना म्हणजे पालो आल्टो येथील एका घराचा मोटारखाना! हा आपला पहिलाच माल आहे हें गिऱ्हाइकास कळूं नये म्हणून ऑसिलेटरास '२०० ए' हें नांव दिलें. किंमत ठेविली ५४ डॉलर ४० सेंट; पण एवढ्यांत तो तयारहि होत नाहीं हें लौकरच ध्यानांत आलें व किंमत वाढवावी लागली. तरीहि तो इतरांहून पुष्कळच स्वस्त होता. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेनें '२०० बी' या प्रकाराचे आठ नग विकत घेतले. १९४० च्या 'फँटेशिया' चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठीं ते उपयोगीं पडले.

पुढें चौकोनी व त्रिकोणी लहरी देणारीं उपकरणें निघालीं. १९७१ सालीं टायर्नी, रेडर व गोल्ड यांनीं सांठविलेल्या आंकड्यांवरून लहर घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. आज टेबलावर मावणारें उपकरण अशा आंकड्यांवरून हवी ती लहर काढतें; हृदयाच्या ठोक्याची वांकडीतिकडी रेघसुद्धां! त्यामुळें हृदयाचे ठोके टिपणारें यंत्र रोग्यास जोडण्यापूर्वींच तपासतां येतें.

परीक्षेचें साधन मूठभर श्रीमंत प्रयोगशाळांपाशींच राहिलें, तर इतरांस त्यांच्या शब्दावर विसंबावें लागतें. ह्यूलेटच्या दिव्यानें तें साधन लहान कारखानदाराच्या आवांक्यांत आणलें, हें त्याचें खरें महत्त्व होय.